सहा महाविद्यालये, तीन समुपदेशक, एक खाते

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातल्या शिक्षणसंस्थांना पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतली एक थेट महाविद्यालयाच्या तिजोरीशी येऊन भिडते. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तर संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयांना यातली पहिली अट लागू होते. समुपदेशक हवा का, ही चर्चा त्या दिवशी संपली. त्याचा पगार कोण देणार, ही चर्चा मात्र अजून नीट सुरूच झालेली नाही. हा लेख त्या चर्चेसाठी आहे.

सध्या बहुतेक ठिकाणी होते ते असे. मानसशास्त्राच्या, आणि तो विषय नसेल तर मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या प्राध्यापकांचे नाव समुपदेशन कक्षाच्या पाटीवर लिहिले जाते. वेळ दुपारी तीन ते चार, खोली स्टाफरूमला लागून. नॅकच्या पाचव्या निकषात, विद्यार्थी साहाय्याच्या भागात, कक्ष असल्याची नोंद होते. त्या प्राध्यापकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. अनेकांनी पदरमोड करून छोटे अभ्यासक्रमही केलेले असतात. पण जो शिक्षक अंतर्गत गुण देतो, हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेचा अर्ज अडवू शकतो, त्याच्यासमोर एखादी मुलगी घरातला त्रास बोलून दाखवील ही अपेक्षाच चुकीची आहे. ऐकणारा आणि गुण देणारा ही दोन वेगळी माणसे असली पाहिजेत. हा ऐकणारा माणूस पगारी लागतो, आणि एकट्या महाविद्यालयाला तो पेलत नाही. अनुदान मिळते ते मंजूर पदांच्या वेतनासाठी, आणि त्या पदांत समुपदेशक सहसा नसतो.

म्हणून विद्यार्थी विकास अधिकारी, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, वसतिगृहांचे रेक्टर, मानसशास्त्र आणि समाजकार्याचे प्राध्यापक, माजी विद्यार्थी संघांचे पदाधिकारी या सगळ्यांना माझे सांगणे आहे: हे काम एकेकट्याने करू नका, आणि निधी गोळा कराल तो कार्यक्रमांसाठी करू नका. तो माणसांच्या पगारासाठी करा. दरवर्षी एक व्याख्यानमाला, एक रॅली आणि एक बॅनर यांवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात प्रशिक्षित माणसाचे काही महिन्यांचे वेतन निघते. व्याख्यानाने टाळ्या मिळतात. आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खोलीत, तोच माणूस भेटत राहिला तर मुले बोलू लागतात.

आधी माणसे मोजा

पैशाच्या आधी आपल्याकडे कोण कोण आहे ते कागदावर मांडा. ही यादी करायला बसलात की जिल्हा वाटतो तितका रिकामा नाही हे दिसते. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयाच्याच परिवारात सीएसआरडी ही समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था आहे. तिथून एमएसडब्ल्यू होऊन बाहेर पडलेली मंडळी जिल्हाभर वेगवेगळ्या कामांत आहेत. मानसोपचारासाठी नगरचे जिल्हा रुग्णालय आहे, विळद घाटातले वैद्यकीय महाविद्यालय आहे, उत्तरेत लोणीला प्रवरेचे आहे. डॉक्टरांच्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या शाखा आहेत, मानसोपचारतज्ज्ञांची इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी आहे, मानसशास्त्राच्या शिक्षकांची मराठी मानसशास्त्र परिषद आहे, प्राध्यापकांची पुक्टो आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळामार्फत कमवा व शिका योजना आणि निर्भय कन्या अभियान महाविद्यालयांत चालते. त्यामुळे महाविद्यालयात त्या कामाचा एक अधिकारी आधीच असतो. कोणता मुलगा कमवा व शिकाच्या पैशांवर खानावळीचे बिल भरतो, कोणाला महिनाअखेर उधारी करावी लागते, हे त्याला वर्गशिक्षकाहून जास्त ठाऊक असते.

एवढ्या संघटना असूनही त्यांची गाठ एकमेकांशी पडत नाही. प्रत्येकीची परिषद वेगळी, वर्गणी वेगळी, विषयही वेगळे. डॉक्टरांच्या बैठकीत रेक्टर नसतो आणि प्राध्यापकांच्या बैठकीत वेतननिश्चितीच्या पुढे विषय जात नाही. सहकार्याची पहिली पायरी म्हणून मी एकच सुचवीन: दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस, एका टेबलाभोवती या पाचसहा प्रकारची माणसे बसवा. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत, उद्घाटक नको. विषय एवढाच, की गेल्या तीन महिन्यांत कोणत्या प्रकारच्या अडचणी आल्या आणि मुलाला पुढे पाठवायला कोणते दार उघडे होते.

जिल्हा मोठा आहे, राज्यात क्षेत्रफळाने पहिला. सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. अकोल्याहून नगरला यायचे म्हणजे एसटीत अर्धा दिवस जातो. तेव्हा जिल्ह्याची एकच समिती करून चालणार नाही. तीन गट करा. उत्तरेत अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर. मध्ये नगर, राहुरी, नेवासे, पारनेर. दक्षिणेत श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव. ही वाटणी एसटीच्या सोयीने केली आहे, आणि विद्यार्थ्यांच्या अडचणीही साधारण याच रेषांनी बदलतात. अकोल्याच्या डोंगराळ भागातला महादेव कोळी किंवा ठाकर समाजातला मुलगा वसतिगृहात एकटा पडतो, प्रमाण मराठीत बोलताना बुजतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात आणि पहिल्या वर्षाला असलेली मुलगी धाकट्या भावंडांसह घर सांभाळत कॉलेज करते. मार्चपर्यंत तिची हजेरी का घसरली हे कोणी विचारत नाही. नगर शहरात खोली घेऊन राहिलेला, तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षा देणारा पदवीधर हा आणखी वेगळा प्रश्न. एका गटाचा अनुभव दुसऱ्या गटाला जसाच्या तसा लावू नका.

जामखेडचेच उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे आरोग्य प्रकल्प सुरू केला तेव्हा गावोगावी डॉक्टर नेणे शक्य नव्हते. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवले, नियमित भेटी घेऊन त्यांच्या पाठीशी डॉक्टर उभे केले, आणि १९७९ साली या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाविद्यालयांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. प्रत्येक वर्गाला समुपदेशक मिळणार नाही, पण प्रत्येक महाविद्यालयात पाचसहा शिक्षक आणि एखादा ग्रंथालय परिचर, एखादी वसतिगृहातली मावशी असे लोक नुसते नीट ऐकायला आणि वेळेवर पुढे पाठवायला शिकू शकतात. त्यांनी उपचार करायचे नाहीत, सल्ले द्यायचे नाहीत. त्यांच्यामागे समुपदेशक, त्याच्यामागे मानसोपचारतज्ज्ञ, अशी साखळी हवी. साखळीतला प्रत्येक फोन नंबर महिन्यातून एकदा लावून बघितलेला असावा.

संस्थांची स्पर्धा मधे येईल

हे आडून सांगण्यात अर्थ नाही. आपल्या जिल्ह्यात शिक्षणसंस्था, साखर कारखाना आणि निवडणूक यांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेच्या कार्यक्रमाला जायचे तरी इथल्या प्राचार्यांना चार गोष्टींचा विचार करावा लागतो. त्यामुळे संयुक्त उपक्रम एखाद्या संस्थेच्या नावाने सुरू केला तर दुसऱ्या वर्षी तो त्याच संस्थेपुरता उरतो. उपाय साधे आहेत आणि पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे लागतात. गटाच्या नावात संस्थेचे, पुढाऱ्याचे किंवा देणगीदाराचे नाव नको. निमंत्रकपद दरवर्षी फिरते, महाविद्यालयांच्या नावांच्या अकारविल्हे क्रमाने. बैठकही फिरती. पत्रकावर सर्व महाविद्यालयांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत. आणि सामंजस्य करारावर प्राचार्यांबरोबर संस्थेच्या सचिवांचीही सही घ्या, कारण प्राचार्य बदलतात.

एकत्र काम करण्यासाठी एकत्र विलीन व्हावे लागत नाही, हे अमेरिकेतल्या याच क्षेत्रातल्या दोन संघटनांनी दाखवले आहे. तिथे महाविद्यालयीन विद्यार्थी विभागात काम करणाऱ्यांच्या नास्पा (१९१९) आणि एसीपीए (१९२४) अशा दोन जुन्या संघटना आहेत. त्यांच्या एकत्रीकरणासाठी २०११ साली सभासदांचे मतदान झाले. एसीपीएमध्ये लागणारी दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत आणि बेत बारगळला. पण त्याच्या आदल्याच वर्षी दोघींनी मिळून या व्यवसायातल्या माणसाला काय काय यायला हवे याचा एक सामायिक दस्तऐवज केला होता. मतदान फसल्यावरही तो त्यांनी टाकून दिला नाही, २०१५ साली मिळूनच सुधारला. आपल्या गटांनीही सुरुवात अशाच एका कागदापासून करावी: आपल्या महाविद्यालयांतल्या समुपदेशकाची पात्रता काय, त्याने काय करायचे, काय करायचे नाही, कोणाला उत्तर द्यायचे. मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा एमएसडब्ल्यू, आणि किशोर व तरुण वयाच्या मानसिक आरोग्याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, ही किमान अट धरा. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मागा.

हिशेब मांडून बघा

आता पैसे. पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत, आपापल्या गटाचे घालून बघा. समजा सहा महाविद्यालये एकत्र आली, प्रत्येकी सरासरी दीड हजार विद्यार्थी, म्हणजे नऊ हजार. तीन पूर्णवेळ समुपदेशक घेतले, प्रत्येकाकडे दोन महाविद्यालये. दरमहा ३५,००० रुपये पगार धरला तर वर्षाचे १२,६०,००० होतात. प्रवासभत्ता दरमहा तीन हजारांप्रमाणे १,०८,०००. ज्येष्ठ तज्ज्ञाचे नियमित मार्गदर्शन आणि शिक्षकांचे प्रशिक्षण १,२०,०००. फोन, छपाई, लेखापरीक्षण ७२,०००. एकूण १५,६०,००० रुपये. नऊ हजारांनी भागले तर विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे १७३ रुपये, महिन्याला पंधरा रुपयांपेक्षा कमी.

तीन माणसे नऊ हजारांना पुरेशी आहेत असे माझे म्हणणे नाही. आज शून्य असलेल्या ठिकाणी ही सुरुवात आहे. मात्र ज्येष्ठ तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाची रक्कम काटकसर म्हणून कधीही कापू नका. दिवसभर दुसऱ्यांचे ऐकणाऱ्या पंचविशीतल्या समुपदेशकाला स्वतःचे मन मोकळे करायला आणि अवघड प्रकरण विचारायला माणूस नसेल तर तो वर्षभरात नोकरी सोडतो, आणि त्याच्याशी बोलू लागलेली मुले पुन्हा गप्प होतात. तसेच त्याला तासिका तत्त्वावर घेऊ नका. तासिकेवरच्या प्राध्यापकांचे काय हाल होतात हे आपण रोज पाहतो. ज्याच्या स्वतःच्या पुढच्या महिन्याची शाश्वती नाही त्याने दुसऱ्याला धीर द्यावा अशी मागणी करणे बरे नव्हे.

या खर्चातला अर्धा वाटा, ७,८०,००० रुपये, संस्थांनी उचलावा: प्रत्येक महाविद्यालयाचे १,३०,००० रुपये, तेही अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली. विद्यापीठाने मान्य केलेल्या शुल्काबाहेर विद्यार्थ्यांकडून एक रुपयाही घेऊ नका. संस्थांचा वाटा आधी खात्यात जमा झाल्याशिवाय बाहेर कोणाकडे हात पसरायचा नाही, हा नियम पाळला तर मागताना मान ताठ राहते. देणारा पहिला प्रश्न विचारतो तो हाच असतो: तुम्ही स्वतः किती घातले?

उरलेल्या अर्ध्यासाठी या जिल्ह्याने आणि आजूबाजूच्या मुलखाने घालून दिलेली वाट आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला मुष्टिफंडाचा आधार होता. दळणाकांडणाच्या वेळी बायका मूठभर धान्य बाजूला ठेवत आणि त्यावर बोर्डिंगातली पोरे जेवत. त्याच रयतची महाविद्यालये आज श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत आणि नगरला उभी आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, १९५०-५१ला त्याचा पहिला गळीत हंगाम झाला, आणि पुढे अशा कारखान्यांच्या परिसरात उसाच्या बिलातून टनामागे थोडी कपात करून शाळा-महाविद्यालये निघाली. मोठ्या देणगीची वाट न पाहता पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे, पण नियमित घ्यायचे, ही ती रीत. पगारासाठी हीच रीत लागते, कारण पगार दर महिन्याला द्यायचा असतो.

सहा महाविद्यालयांत मिळून तीनशे शिक्षक-कर्मचारी दरमहा शंभर रुपये द्यायला तयार झाले तर वर्षाला ३,६०,००० होतात. पाचशे माजी विद्यार्थ्यांनी दरमहा पन्नास रुपये दिले तर ३,००,०००. राहिले १,२०,०००, ते गावातल्या पतसंस्था, व्यापारी असोसिएशन, कारखाना यांच्याकडून मिळू शकतात. यातल्या माजी विद्यार्थ्यांच्या पन्नास रुपयांवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. नॅकला नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ हवा असतो म्हणून आपण तो नोंदवला, मेळाव्याला फेटे बांधले, फोटो काढले. ज्यांनी खोली मिळत नव्हती तेव्हा नातेवाइकांच्या ओट्यावर झोपून पदवी घेतली, अशा माणसांना नेमके एवढेच सांगायचे आहे: तुम्ही होता तेव्हा विचारणारे कोणी नव्हते, आता ठेवू या. ते देतात. मात्र बँकेत दरमहा आपोआप रक्कम वळती होईल अशी सूचना त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी भरून घ्या. दर महिन्याला आठवण करून द्यावी लागली की दोन्ही बाजू कंटाळतात.

कारखाना, कंपनी आणि परदेशातला नगरकर

इथे एक गल्लत नेहमी होते. लोक कारखान्याकडे सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, मागायला जातात. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ची जबाबदारी कंपन्यांवर आहे: निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी, किंवा उलाढाल एक हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी, यांपैकी काही असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. सहकारी साखर कारखाना आणि पतसंस्था यांची नोंदणी सहकार कायद्याखाली असते, त्यांना हे कलम लागू नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०चे कलम ६९ वाचा. राखीव निधी आणि शिक्षण निधीची तरतूद झाल्यावर निव्वळ नफ्यातला ठरावीक मर्यादेपर्यंतचा हिस्सा धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येतो, त्याला वरून मंजुरी लागते. म्हणजे पतसंस्थेकडे अर्ज जायला हवा तो वार्षिक सभेच्या आधी, नफावाटणीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येण्यापूर्वी. सभा झाल्यावर गेलेल्या अर्जाला चहा मिळतो, पैसे मिळत नाहीत.

कंपन्या हव्यात तर नगर आणि सुपे एमआयडीसीत जा. सीएसआरची रक्कम घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१पासून तिच्याशिवाय चालत नाही. ही रक्कम प्रकल्पाची असते, बहुधा वर्षापुरती. तिच्यावर पगार टांगू नका. शिक्षकांचे प्रशिक्षण, खोलीचे आवाजबंद विभाजन, माहितीपुस्तिका अशा एकदाच होणाऱ्या कामांना ती वापरा. जिल्हा वार्षिक योजनेतल्या नावीन्यपूर्ण योजनांच्या तरतुदीचेही तसेच.

परदेशात स्थायिक झालेले माजी विद्यार्थी उत्साहाने पैसे पाठवायला निघतात. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही. पण नागरिकत्व बदललेल्या माणसाची धरली जाते, आणि विदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या संस्थेने ती घेणे गुन्हा आहे. एखाद्या मोठ्या संस्थेकडे ती नोंदणी असली तरी २०२०च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणून देणाऱ्याला नागरिकत्व विचारायला संकोचू नका, आणि उत्तर लेखी ठेवा.

पैसे कोणाच्या खात्यात ठेवायचे? पहिली दोन वर्षे नवी संस्था नोंदवू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, बदल अर्ज, वार्षिक हिशेब, आयकराच्या नोंदण्या यांतच सगळी शक्ती जाईल. ज्या संस्थेचा हिशेब वेळच्या वेळी लेखापरीक्षित होतो, जिच्या घटनेत विद्यार्थी कल्याण किंवा आरोग्य हा उद्देश स्पष्ट आहे आणि जिच्याकडे ८०-जीची मान्यता आहे, अशी एक संस्था सर्वांनी मिळून निवडा. तिथे स्वतंत्र बँक खाते, स्वतंत्र खतावणी, दोन वेगवेगळ्या संस्थांच्या माणसांच्या सह्या. नोंदणी नसलेल्या समितीच्या नावाने पावती पुस्तके छापून गावात फिरू नका. गणेश मंडळांना धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते ती याच कारणासाठी, आणि महाविद्यालयाने त्यांच्याहून ढिले वागू नये. ८०-जीची पावती देणाऱ्या संस्थेला दरवर्षी देणग्यांचे विवरण आयकर खात्याला भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागते. दोन हजारांपुढची रोख रक्कम सवलतीला पात्र नसते. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला ही सवलत मुळात मिळतच नाही, तेव्हा सहकाऱ्यांकडे वर्गणी मागताना करबचतीचे आमिष दाखवू नका. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पावतीवरचा मजकूर सनदी लेखापालाकडून तपासून घ्या.

मागणीचे पत्र

पतसंस्थेला किंवा व्यापारी असोसिएशनला लिहायचे पत्र एका पानाच्या पुढे जाऊ नये. त्यात समाजातील ताणतणाव, धकाधकीचे जीवन असली वाक्ये नकोत. नेमके काय हवे ते लिहा. नमुना असा:

“आमच्या तालुक्यातील दोन महाविद्यालयांत मिळून तीन हजार विद्यार्थी शिकतात. त्यांच्यासाठी एक प्रशिक्षित समुपदेशक १ जुलैपासून नेमत आहोत. वर्षाचा खर्च ५,२०,००० रुपये आहे. त्यातले २,६०,००० महाविद्यालयांनी जमा केले आहेत. शिक्षक आणि माजी विद्यार्थी २,२०,००० देत आहेत. उरलेल्या ४०,००० रुपयांसाठी आपल्याकडे आलो आहोत. हिशेब दर तिमाहीस आपल्याकडे येईल. आपल्या संस्थेचे नाव वार्षिक अहवालात इतर देणगीदारांसोबत छापले जाईल. समुपदेशन कक्षात कोणाचीही पाटी लावली जाणार नाही.”

शेवटचे वाक्य गाळू नका. ज्या खोलीत मुलगा रडायला येतो तिच्या दारावर त्याच्या बापाने कर्ज घेतलेल्या पतसंस्थेचे नाव असता कामा नये.

याहून महत्त्वाची गोष्ट विद्यार्थ्यांच्या कहाण्यांची आहे. पैसे मागताना हात आपोआप कहाणीकडे जातो. आमच्याकडे एक मुलगी आली होती, नाव बदलले आहे, असे सुरू होते आणि ऐकणारे हेलावतात. कृपा करून हे करू नका. पुण्यामुंबईत नाव बदलून भागत असेल. तालुक्याच्या गावात शाखा, वर्ष आणि वडिलांचा धंदा सांगितला की नाव सांगायची गरज उरत नाही. ती मुलगी त्याच एसटीने त्याच गावात परत जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क मानला आहे, आणि समुपदेशन कक्षानेही तोच दंडक पाळावा. तिने संमती दिली असली तरी वापरू नका. अठराव्या वर्षी आपल्या समुपदेशकाला नाही म्हणणे तिला जमतेच असे नाही. देणगीदाराला आकडे द्या: किती विद्यार्थी आले, किती पुन्हा आले, किती जणांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले, त्यांतले किती तिथवर पोचले. शेवटचा आकडा सर्वांत बोलका असतो आणि बहुधा तोच कोणी मोजत नाही. दहापेक्षा कमी संख्या असेल तर महाविद्यालयवार फोड देऊ नका, गटाची एकत्र संख्या द्या. समुपदेशकाच्या नोंदवह्या प्राचार्य, संस्थाचालक, देणगीदार, लेखापरीक्षक यांपैकी कोणालाही उघडायच्या नाहीत, हे सामंजस्य करारातच लिहा. लेखापरीक्षकाला पगारपत्रक आणि हजेरी पुरते.

वर्षाचे वेळापत्रक सत्रावर बसवा. जूनमध्ये करार आणि संस्थांचा वाटा, जुलैत नेमणूक, ऑगस्टमध्ये प्रत्येक वर्गात समुपदेशकाची दहा मिनिटांची ओळख. दिवाळीनंतर दक्षिणेकडच्या महाविद्यालयांत त्याचे दिवस वाढवा, कारण आईवडील तोडीवर गेलेले असतात. फेब्रुवारी ते एप्रिल परीक्षांचे आणि मे-जून निकालांचे दिवस. नेमके तेव्हाच महाविद्यालये सुट्टीवर जातात, म्हणून समुपदेशकाची रजा सप्टेंबरात ठेवा, मेमध्ये नको. रात्रीबेरात्री आणि सुट्टीत विद्यार्थ्याला केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापायला वेगळा निधी लागत नाही. येत्या प्रवेशाच्या वेळी जी ओळखपत्रे छापायला जातील त्यांच्यावर तो घ्या.

आणि वाचणाऱ्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना एक विनंती. वरून परिपत्रक येईल, मग समिती होईल, मग निधी मिळेल, या क्रमाची वाट पाहू नका. या आठवड्यात आपल्या गटातल्या दोन महाविद्यालयांतल्या समव्यावसायिकांना फोन करा, एका मानसोपचारतज्ज्ञाला आणि एका रेक्टरला बोलवा, आणि आपापल्या महाविद्यालयाने १,३०,००० रुपये देण्याचा ठराव संस्थेच्या पुढच्या बैठकीत मांडायला प्राचार्यांना राजी करा.